घरातलं चव्हाट्यावर

“अगं मंदा, ऐकलंस का? पैशासाठी घरी आलेल्या पाहुण्याला मारून टाकलं आणि मागाहून कळलं, तो त्यांचाच मुलगा!”

शैलावहिनींच्या हातात मेथीची जुडी होती आणि तोंडावर असा भाव, की मी ओले कपडे बादलीत तसेच टाकून कुंपणापाशी गेले.

“अगंबाई! कुठं? मागच्या गल्लीत?”

“गल्लीत नाही गं, हंगेरीत.”

“हात्तिच्या! हंगेरीतल्या खुनासाठी तुम्ही मला दोरीपासून ओढून आणलंत?”

“आणि खरा खूनही नाही. नाटकातला. पण ऐक तर खरं.”

वहिनी लेकीकडे राहून आल्यापासून आमच्याकडे बुडापेस्टचं बुलेटिन रोज लागतं. जावई तिथल्या तांत्रिक विद्यापीठात संशोधन करतात. त्यामुळे तिथली ट्रॅम, तिथली पाप्रिका आणि तिथला डॅन्यूबचा घाट आम्हांला पाठ झाला होता. नाटकाचा विषय मात्र नवा होता.

“जावयांच्या विद्यापीठाची मुख्य इमारत अगदी नदीकाठी आहे. आत शिरलं की इंजिनिअरिंगच्या पोरांची ये-जा, फळ्यावर गणितं. आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक छोटंसं नाट्यगृह. ‘स्केने’ म्हणतात त्याला. पुढची रांग अशी, की नटाने पाय लांब केले तर आपल्या मांडीवर येतील. तिथं मी या माणसाचं नाटक पाहिलं. पिंतेर बेला.”

“बेला? म्हणजे बाई?”

“बाप्या आहे चांगला. आडनाव आधी आणि नाव मागून लावतात ती माणसं. १९७० सालचा जन्म, बुडापेस्टचाच. स्वतः लिहितो, स्वतः बसवतो आणि स्वतःच कामही करतो.”

व्हरांड्यात पेपर वाचणाऱ्या आमच्या अण्णांनी इथं पहिल्यांदा मान वर केली. बँकेतून निवृत्त होईपर्यंत त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेत अनेक वर्षं काढली आहेत. नाटकाचा शब्द कानावर पडला की त्यांना गप्प बसवत नाही.

“लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख भूमिका एकच माणूस? आमच्याकडेही असा एक होता. त्याच्या नाटकात बाकीच्यांना ‘चहा आणतो’ एवढंच वाक्य असायचं.”

“तसं नाही हो अण्णा. याच्या नाटकात भाव खाऊन जातात ती बाकीचीच माणसं. हा कित्येकदा मधलंच कुठलं तरी काम घेतो.”

“शिकला कुठं?”

“तीच तर गंमत. नाटकाच्या शाळेचं तोंड न बघता वर आलेला माणूस. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याच स्केनेमध्ये ‘आर्विशुरा’ नावाची मंडळी नाटकं करायची, सोमोज्यी इश्तवान नावाच्या दिग्दर्शकाच्या हाताखाली. त्यांत हा शिरला. तिथं अंग वळवायला शिकला, गायला शिकला, आणि मग १९९८ मध्ये स्वतःची मंडळी काढली. नाव काय ठेवलं? ‘पिंतेर बेला आणि मंडळी’. सरळ! पहिलं नाटकही त्याच साली आणि त्याच जागी.”

“म्हणजे ज्या अंगणात खेळला तिथंच दुकान थाटलं,” अण्णा म्हणाले. “पण ते खुनाचं राहिलं.”

त्यांना आमच्या गप्पांत कधी नव्हे तो रस आलेला दिसला.

वहिनींनी मेथी निवडायला घेतली. हात चालू झाले की त्यांचं तोंडही लयीत येतं. “लग्नघर आहे. हंगेरीतलं खेडं. नवरानवरी, व्याही, विहीणबाई, सगळी नटूनथटून. आणि अशा मंगल घरात जुनी पापं एकेक करून वर येतात. पूर्वी कधी तरी परदेशातून पैसाअडका घेऊन एक अनोळखी माणूस मुक्कामाला आला होता. यजमानांना मोह पडला. रात्री त्याला संपवला. आणि तो कोण? लहानपणी घर सोडून गेलेला पोटचा पोरगा! ओळख सांगून आईबापांना चकित करायला थांबला होता बिचारा.”

“ही गोष्ट मी कुठं तरी वाचलीय,” अण्णा पुटपुटले.

“असणारच. युरोपभर या गोष्टीची लोकगीतं आहेत, म्हणे. काम्यू नावाच्या फ्रेंच लेखकानेसुद्धा यावर नाटक लिहिलंय, १९४४ मध्ये आलं ते. जावयांनी सांगितलं. पण काम्यूच्या नाटकात सगळं गंभीर. इथं? इथं माणसं हसून हसून लोळत होती!”

“खुनाला?”

“खुनाला नाही गं, गाण्याला. सबंध नाटक गाण्यात आहे. नावच ‘शेतकऱ्यांचा ऑपेरा’. २००२ मध्ये आलं आणि पुढे वर्षानुवर्षं चाललं. दार्वाश बेनेदेक म्हणून संगीतकार आहेत त्याचे. अर्धं संगीत कसलं, तर तीनशे वर्षांपूर्वीच्या राजेरजवाड्यांच्या ऑपेराचं. हार्पसिकॉर्ड किणकिणतंय, व्हायोलिनं सुरात, आणि त्या भारदस्त चालीवर ही खेडवळ माणसं काय गाणार, तर घरगुती बाचाबाची! कुणी तरी दरबारी कानड्यात ‘गॅस संपला, नंबर लावा’ आळवावं, तसं. आणि मग मध्येच चाल बदलते. सगळी राजेशाही ऐट गळून पडते आणि ट्रान्सिल्व्हेनियातलं अस्सल लोकगीत सुरू होतं. तेव्हा मात्र हसणारा माणूस जागच्या जागी गप्प होतो.”

“म्हणजे संगीत नाटकच की,” अण्णा म्हणाले.

“पण आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते आणि आपण गाणं ऐकतो. इथं गाण्यातच गोष्ट पळते. थांबली तर माणसं विचार करतील ना, म्हणून थांबूच देत नाही तो.”

मी म्हटलं, “वहिनी, तुम्हांला त्यांची भाषा येते कधीपासून?”

“छे गं! वर इंग्रजी अक्षरं पळत होती. काही प्रयोगांना लावतात ती. आणि बाकीचं आमच्या खालच्या मजल्यावरच्या नेनींनी सांगितलं. नेनी म्हणजे आपल्याकडे काकू-मावशी म्हणतो ना, तसं. कुठल्याही वयस्क बाईला नेनी. त्यांना नातू नाटकं दाखवतो आणि त्या मला समजावतात. त्या आणि मी मोडक्या इंग्रजीत तासन्‌तास बोलत बसायचो.”

“तिथंही कुंपण सापडलं तुम्हांला,” अण्णा म्हणाले.

वहिनींनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. “मी नेनींना विचारलं, या माणसाला लोकगीतांचं एवढं काय वेड? तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे लोकगीत हे नुसतं गाणं नसतं. मग सगळा इतिहासच काढला त्यांनी. पहिल्या महायुद्धात ही मंडळी हरली. १९२० मध्ये त्रियानोंचा तह झाला आणि देशाचा दोन तृतीयांश मुलूख शेजाऱ्यांकडे गेला. ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियात गेलं. लाखो हंगेरियन माणसं जागच्या जागी परदेशी झाली. आणि जुनी गाणी, जुने नाच टिकले होते ते नेमके तिथल्या खेड्यांत. ते दुसरे बेला, संगीतकार बार्तोक, ते आणि त्यांच्यासारखेच संगीतकार कोदाय मिळून फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले होते, गाणी गोळा करत. पुढे रशियाच्या धाकातलं सरकार आलं. त्या सरकारला लोकनृत्य हवं होतं, पण कसं? स्टेजवर, रांगेत, एकसारख्या पोशाखात, हसऱ्या तोंडाने.”

“प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथावरचं,” अण्णा म्हणाले.

“अगदी! मग १९७२ च्या मे महिन्यात बुडापेस्टमध्ये काही तरुण पोरांनी ठरवलं, की हा नाच बघायचा नाही, नाचायचा. सेक नावाच्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या गावात जशी पोरंपोरी जमून रात्रभर नाचतात, तसं शहरात करायचं. त्याला ‘तान्सहाझ’ म्हणतात. शेबो आणि हाल्मोश नावाचे दोघे वादक त्यात पुढे होते. बघता बघता चळवळच झाली. २०११ मध्ये युनेस्कोने सुद्धा मान दिला त्या पद्धतीला. सरकारला उघड बंदी घालता येईना, कारण गाणी तर शेतकऱ्यांची! आणि मनापासून आवडतही नव्हतं, कारण पोरं सीमेपलीकडच्या भाऊबंदांची आठवण काढत होती. तिथं तेव्हा कलेचे तीन कप्पे असायचे, नेनी सांगत होत्या. काहींना सरकारचा आधार, काहींकडे सरकारचा काणाडोळा आणि काहींवर बंदी. हे नाचणारे मधल्या कप्प्यातले.”

“आणि हा तुमचा पिंतेर त्यांच्यातला?”

“त्या सुरांवर वाढलेला. त्याच्या पहिल्या नाटकापासून लोकगीतं आहेत, नाच आहेत. पण त्याने काय केलं माहितीय? त्या पवित्र गोष्टीलाच हात घातला. आता ऐक, ही पुढची गोष्ट त्याहून भारी आहे.”

मेथीची काडी माझ्याकडे रोखून वहिनींनी आवाज खाली आणला. खरं तर ऐकायला आजूबाजूला आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

“नाटकाचं नाव ‘आमची गुपितं’. २०१३ सालचं. काळ ऐंशीच्या सुमाराचा. एक लोकसंगीताचा मोठा अभ्यासक आहे. तान्सहाझमधला मान्यवर माणूस. सगळे त्याच्याभोवती नाचतात, गातात. पण त्याच्या मनात एक भयंकर गोष्ट आहे. बायकोच्या पहिल्या घरच्या लहान मुलीबद्दल त्याच्या मनात नको ती ओढ आहे. त्याचं त्यालाच ते सोसत नाही. म्हणून तो मनाच्या डॉक्टरकडे जातो आणि सगळं कबूल करतो.”

“बरं केलं की मग. उपचार तरी होतील.”

“अगं, खोलीत माइक लपवलेला! गुप्त पोलिसांचा. दुसऱ्या दिवशी साहेब हजर. म्हणाले, टेप आमच्याकडे आहे. आता तू आमच्यासाठी काम करायचं. तुझा जिवलग मित्र चोरून छापलेलं मासिक काढतो ना, त्याची खबर आम्हांला आणून द्यायची.”

मी खरंच तोंडावर हात ठेवला. अण्णा व्हरांड्याची पायरी उतरून खाली आले.

“चोरून छापलेलं म्हणजे?”

“सेन्सॉरला न दाखवता. टाइप करून, सायक्लोस्टाइल करून हातोहात वाटायचं. तशी मासिकं खरंच होती तिथं. ‘बेसेलो’ नावाचं १९८१ मध्ये सुरू झालेलं चांगलं गाजलेलं आहे. आणि नाटकात बघ, रंगमंचावर स्पूलवाला मोठा टेपरेकॉर्डर आहे. लोकगीतं गोळा करणारा अभ्यासक टेपरेकॉर्डर वापरतो आणि पोलिसही टेपरेकॉर्डरच वापरतात. म्हातारीच्या गळ्यातलं गाणं टिपणारं यंत्रही तेच आणि माणसाच्या गळ्याला फास लावणारंही तेच. हे त्याला सुचलं कसं, मी तेव्हापासून विचार करतेय.”

अण्णांनी मान हलवली. “नेपथ्यानेच अर्धं नाटक सांगितलं.”

“आणि अण्णा, सगळ्या अवघड जागी ही माणसं गातात, नाचतात. नाच सुंदर आहे. पाय थिरकतात आपले. आणि त्याच वेळी आपल्याला माहीत असतं, की या फेरातला एक जण दुसऱ्याच्या चहाड्या लिहून देतोय आणि त्याच्या स्वतःच्या घरात एक पोर धोक्यात आहे. शेवट मी सांगणार नाही. पण बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं. न्यूयॉर्कलाही नेलं होतं त्यांनी ते नाटक, २०१६ मध्ये, बारिश्निकॉव्ह नावाच्या नर्तकाच्या कलाकेंद्रात.”

मी म्हटलं, “पण वहिनी, असं खरंच व्हायचं? मित्रानेच मित्राची चहाडी?”

“मित्राने? बापाने! तिथले एक थोर लेखक होते, पेतेर एस्तरहाझी. जुन्या सरदार घराण्यातले. त्यांनी वाडवडिलांवर, वडिलांवर सातशेहून जास्त पानांची कादंबरी लिहिली, २००० मध्ये आली. आणि पुस्तक लिहून हातावेगळं होतंय तोच जुन्या पोलिसी दप्तरातून त्यांच्यापुढे फायली आल्या. अक्षर ओळखीचं. ते आपल्या बापाचंच! वडील वर्षानुवर्षं खबऱ्याचं काम करत होते.”

“अरे देवा! मग?”

“मग काय करेल लेखक? दुसरं पुस्तक लिहिलं. २००२ मध्ये छापलं. ‘सुधारित आवृत्ती’ असं नाव. त्यात बापाच्या फायलीतला मजकूर लाल शाईत छापलाय. हंगेरीत हे सगळं फार नाजूक प्रकरण आहे. कोण कुणाचा खबऱ्या होता, याच्या याद्या अजून पुऱ्या बाहेर आलेल्या नाहीत म्हणे. मधूनच एखादं नाव निघतं आणि माणसं हादरतात. म्हणून ‘आमची गुपितं’ पाहताना तिथल्या माणसाला जे होतं, ते तुला-मला व्हायचं नाही. नेनी सांगत होत्या, त्या काळी त्या फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायच्या.”

थोडा वेळ फक्त मेथीच्या पानांचा आवाज. मग मीच विचारलं, “आपण इथं उभं राहून गोसावीबाईंच्या सुनेबद्दल बोलतो, ती काय मग चहाडी झाली?”

“कुणाला कळवतो का आपण?”

“नाही बाई.”

“लिहून ठेवतो?”

“छे!”

“त्यातून काही मिळतं?”

“वेळ जातो, इतकंच.”

“मग गप्पा. चहाडीला दप्तर लागतं आणि तिच्या बदल्यात काही तरी पदरात पडावं लागतं,” वहिनींनी निकाल दिला.

अण्णा खाकरले. “गोसावीबाईंच्या सुनेला विचारा एकदा, तिचं काय मत आहे ते.”

त्यांच्या अशा बोलण्याला उत्तर द्यायची आमच्यात पद्धत नाही. वहिनी पुढच्या नाटकावर गेल्या.

“आणखी एक ऐक. ‘सुत्योक’. म्हणजे घाणेरडी, मळकी, असं काहीसं. २०१० चं. मूलबाळ नसलेलं जोडपं, खेड्यातलं, मनाने चांगलं. अनाथाश्रमातून मुलगी आणायला जातात. गोंडस बाळ हवं असतं, मिळते ती चांगली मोठी, दिसायला ओबडधोबड पोर. सुत्योक हे तिचंच टोपणनाव. आणि ती म्हणते, माझी मैत्रीणही येणार असेल तरच मी येईन. ती मैत्रीण रोमा. जिप्सी म्हणायचे ना पूर्वी, त्या.”

“त्यांचे पूर्वज आपल्याकडूनच गेले ना?”

“वायव्य हिंदुस्थानातून, हजारेक वर्षांपूर्वी. नेनींना मी ते सांगितलं तर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी त्यांचं काही देणं लागते. असो. तर दोन्ही मुली घरी येतात. जोडप्याला वाटतं, आपण केवढं पुण्य केलं. गावही आधी कौतुक करतं. आणि मग प्रेमाची वाटणी सुरू होते. कोण लाडकी, कोण नकोशी. रोमा मुलगी हुशार, गोड. ती सगळ्यांना आवडायला लागते. आणि ही कुरूप पोर, जिने मैत्रिणीला हाताला धरून आणलं, ती जळायला लागते. जळता जळता जाते कुठं? काळे कपडे घालून रोमांविरुद्ध कवायत करणाऱ्या टोळक्यात!”

“असली टोळकी असतात?”

“होती ना. ‘मज्यार गार्दा’ म्हणून संघटना २००७ मध्ये निघाली, गणवेश घालून रोमा वस्त्यांतून संचलन करायची. २००९ मध्ये कोर्टाने बरखास्त केली. आणि त्याच सुमारास, २००८-०९ मध्ये, काही जणांनी रोमा वस्त्यांवर हल्ले करून सहा जणांचा जीव घेतला. त्यात एक लहान मूलही होतं. आणि लगेच पुढच्या वर्षी हा माणूस हे नाटक घेऊन उभा. पण भाषण नाही हं. ‘द्वेष वाईट’ असं कुणी म्हणत नाही. प्रेम कमी पडलं की माणूस कुठं जातो, ते फक्त दाखवतो. आणि त्या मुलीचा तुला रागही येत नाही, हीच पंचाईत.”

अण्णा आता कुंपणाला टेकून उभे होते. “नट कसे आहेत?”

“पुरुष बाईचं काम करतो, बाई पुरुषाचं, मोठी बाई लहान मूल होते. सरसकट नाही, पण नेहमीचंच आहे ते. पहिल्यांदा हशा होतो. थोड्या वेळाने आपण विसरतो, की समोर कोण आहे. आणि कपडे, रंगरंगोटी थोडी अतीच. खोट्या मिश्या खोट्याच दिसतात. एका नाटकात तर एकोणिसाव्या शतकातल्या हंगेरीत टीव्ही आहे! बातम्या देतात माणसं टीव्हीवर, घोडागाडीच्या जमान्यात.”

“हे सगळं कुणाच्या पैशावर?” बँकेतला माणूस शेवटी मुद्द्यावर आला.

“विचारलं मी तेही. तिथं दोन जाती आहेत. एक ‘दगडी थिएटरं’. म्हणजे मोठ्या इमारती, पगारी नट, सरकारी नाही तर नगरपालिकेचं अनुदान. आणि दुसरी ही स्वतंत्र मंडळी. यांना घर नाही, पगार नाही, अनुदान तुटपुंजं आणि तेही दर वेळी नव्याने मागायचं. मध्ये एक चांगली सोय होती. २००९ पासून कंपन्यांना आपल्या कराचा काही भाग सरकारऐवजी नाट्यसंस्थांना देता यायचा. जितकी तिकीटविक्री, तिच्या ८० टक्क्यांपर्यंत. पण मग काही जणांनी तिकिटांचे आकडेच फुगवले. झालं! २०१८ च्या अखेरीस सरकारने ती सोयच काढून टाकली. त्याने फुगवणारेही गेले आणि खरोखर गर्दी खेचणारेही लटकले.”

“नेहमीचंच,” अण्णा म्हणाले. “एकाचा चेक वटला नाही की सगळ्या शाखेला परिपत्रक.”

“शिवाय प्रत्येक करदात्याला आपल्या आयकरातला १ टक्का हव्या त्या सामाजिक संस्थेला देता येतो. त्यावरही अशी मंडळी डोळा ठेवून असतात. आणि उरलेलं प्रेक्षक भागवतात. याच्या नाटकाची तिकिटं मिळवताना लेकीच्या नाकी नऊ आले. नट मात्र कायम टिकत नाहीत. कुणाला सिनेमा मिळतो, कुणाला दगडी थिएटरचा पगार, कुणाचं याच्याशी पटत नाही. हेकट आहे म्हणतात तसा.”

“कोण म्हणतं?” मी कान टवकारले. इतका वेळ ही खरी बातमी दडवून ठेवली होती वहिनींनी.

“तोच! मंडळीला २० वर्षं झाली २०१८ मध्ये. आपण काय करतो अशा वेळी? शाल, श्रीफळ, स्मरणिका, ‘वाटचाल’ नावाचा लेख. याने नाटक काढलं, आपल्याच मंडळीवर. वर्धापनदिनाच्या गप्पा असं काहीसं नाव. त्यात नाटक कंपनीतले रुसवेफुगवे, मानापमान सगळं आहे, आणि मुख्य माणूसही त्यातून सुटलेला नाही.”

“हे धाडस आहे,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढून आपला हौशी संघ जात असणार. तो संघ कोणी फोडला यावर आमच्या घरी अजून बोलायचं नसतं.

“आणि देश तर त्याने सोडलाच नाही. एका नाटकाच्या नावात रक्ताचा लाल, मळकट पांढरा आणि विषारी हिरवा असे तीन रंग आहेत. त्यांच्या झेंड्याचे रंग कुठले? लाल, पांढरा, हिरवा!”

“पकडत नाहीत त्याला?”

“नाही बाई, पकडत नाहीत. पैसे कमी होतात, जागा कमी होतात, तसलं होतं. आता बघ, २०२० मध्ये तिथलं नाटक-सिनेमाचं विद्यापीठ सरकारने एका संस्थेच्या ताब्यात दिलं, तर विद्यार्थ्यांनी सत्तरेक दिवस इमारत अडवून धरली. म्हणजे वातावरण तापलेलंच होतं. पण याची तऱ्हा निराळी. सरकारला शिव्या द्यायला आलेल्या प्रेक्षकाला हा त्याच्याच घरात नेऊन सोडतो. ‘आमची गुपितं’मध्ये पोलीस वाईट आहेतच, पण ज्याला आपण आपला मानतो तो विद्रोही, गाणारा, नाचणारा माणूसही स्वच्छ नाही. म्हणून दोन्हीकडची माणसं त्याच्यावर थोडी थोडी नाराज असतात.”

मला राहवलं नाही. “पण वहिनी, मला एक सांगा. हे सगळं कशाला? आपल्या देशातली घाण, आपल्या घरातलं पाप, न्यूयॉर्कला नेऊन जगाला दाखवायचं! घरातलं घरात ठेवावं माणसाने. आमच्या सासूबाई म्हणायच्या, झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकलेली आहे हे ज्याला ठाऊक असतं ना, त्याच्या हातात आपला गळा असतो, मंदा. त्या अभ्यासकाचं काय झालं? गुपित होतं, म्हणून तर साहेबाला ते विकत घेता आलं. त्या लग्नघरात पाहुण्याने पहिल्या मिनिटाला ‘मी तुमचा मुलगा’ असं सांगितलं असतं तर नाटकच झालं नसतं. त्याची नाटकं आठवून बघ, सगळीकडे हेच आहे. कुणी तरी काही तरी बोललेलं नसतं, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी घर चालतं.”

“म्हणजे चव्हाट्यावर सगळं सांगून टाकायचं?”

“सगळं नाही. पण सांगायचं तर सगळ्यांसमोर, तोंडावर, आणि गाऊन. पाठीमागे, चिठ्ठीत, नाव न घालता नाही.”

“आणि स्वतः त्यात उभं राहून,” अण्णा म्हणाले. वहिनी थांबल्या, म्हणून ते पुढे बोलले. “तुम्ही सांगितलंत त्यात मला तेच मोठं वाटलं. खबऱ्या सगळ्यांबद्दल लिहितो आणि स्वतःचं नाव खोटं घालतो. हा सगळ्यांबद्दल लिहितो आणि मिश्या लावून त्या सगळ्यांच्या मध्ये येऊन उभा राहतो. प्रेक्षकाने काय फेकून मारायचं ते मारावं. दिग्दर्शक विंगेत राहिला असता तर ती नुसती चहाडी झाली असती.”

वहिनींनी निवडलेली मेथी बाजूला सारली. “अण्णा, तुम्ही माझ्याबरोबर यायला हवं होतं बुडापेस्टला.”

मला एकदम कल्पना सुचली. “मग आपणच का नाही लिहायचं? कॉलनीवर! गणपतीत बसवू. गोसाव्यांची सून, पाण्याच्या टाकीचा हिशेब, ते परांजप्यांच्या गच्चीवरचं प्रकरण. गाणी वहिनी बसवतील, अण्णा दिग्दर्शन करतील. मटेरियल तर केवढं आहे आपल्याकडे!”

“उत्तम,” अण्णा म्हणाले. “पण पिंतेरसाहेबांच्या नियमाने. पहिला अंक लेखिकेच्या घरात. गेल्या दिवाळीला तू वन्संना फोनवर काय सांगितलंस आणि प्रत्यक्षात काय झालं होतं, तिथून सुरुवात करू. संवाद मला पाठ आहेत.”

वहिनींचे डोळे चमकले. त्या कुंपणावरून एवढ्या पुढे वाकल्या की जास्वंदीची फांदीच मोडली. “काय गं, काय झालं होतं दिवाळीला?”

“काही नाही हो,” मी म्हटलं. “अण्णा, कपडे आंबतील बादलीत. आणि गणपतीत आपलं ते नेहमीचं विनोदी नाटकच बरं.”